दारात खडे मांडणारा उंदीर

मी चौथीत असताना आमच्या गोदामातला एक उंदीर हायवे ओलांडून घरी परत आला, आणि तेव्हापासून मला उंदरांचं वेड लागलं ते लागलंच.

आमचं दुकान जळगावजवळ नशिराबादला. किराणा आणि धान्य. मागं गोदाम, वर घर. आम्ही जैन, मूळचे राजस्थानचे. घरात मारवाडी आणि गल्ल्यावर मराठी बोलत मी वाढले. धान्याचं गोदाम म्हटल्यावर उंदीर आलेच. पण उंदरांचं औषध आमच्याकडं ना कधी वापरलं गेलं, ना कधी विकलं गेलं. पप्पांनी तारेचा पिंजरा ठेवला होता. संध्याकाळी आत शेंगदाणा अडकवायचा, सकाळी जो सापडेल त्याला हायवेच्या पलीकडं नाल्यापाशी नेऊन सोडायचं. शाळेत जायच्या आधीचं हे आमच्या दोघांचं काम. पप्पा हात करून ट्रक थांबवायचे आणि मी पिंजरा छातीशी धरून रस्ता ओलांडायची.

रोज सापडणारा उंदीर एकच असावा, असा मला संशय आला. तोंडावरून ओळखता येईना. मग एका सकाळी मी कपड्यांची नीळ काडीनं त्याच्या शेपटीला लावली. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात निळ्या शेपटीचा उंदीर! मी ओरडत दुकानात धावले. पप्पा गिऱ्हाइकाला तुरीची डाळ मोजून देत होते. त्यांनी मापटं तसंच खाली ठेवलं, पिंजरा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हा हायवे ओलांडून आला?" मग गिऱ्हाइकालाही बोलावून दाखवला. त्या दिवशी मी वर्गात बसले होते खरी, पण डोक्यात एकच प्रश्न होता. याला रस्ता कसा सापडला?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला मी धुळ्याला गेले, ते थोडंसं या उंदरापायीच. घरी मात्र "तिकडं सीट मिळाली" एवढंच सांगितलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रबंध करावा लागतो. आमच्या मॅडम पन्नाशीच्या, आवाजाला बारीक आणि शिस्तीला कडक. त्यांनी विषय दिला तो असा, की लळिंगच्या डोंगराखालच्या मुरमाड उतारावर कोणकोणते उंदीर राहतात, कुठं राहतात, काय खातात ते बघायचं. कॉलेजच्या समितीची परवानगी आली, जुन्या कपाटातून पत्र्याचे घडीचे सापळे निघाले. त्यातले निम्मे गंजलेले. मी ते चुलीच्या राखेनं घासून, सायकलचं तेल सोडून चालू केले.

उताराच्या पायथ्याशी एका बाईंचं शेत होतं. कापूस, बाजरी, बांधाला चार शेळ्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी मी गवतात वाकून वाकून काहीतरी शोधतेय हे बघून त्या शेळ्या सोडून माझ्याकडं आल्या.

"काय धुंडी ऱ्हायनी वं पोरी? कानातलं पडनं का?"

"नाही अक्का, उंदराची बिळं शोधतेय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग उतारावर दहा पावलं वर गेल्या आणि काठीच्या टोकानं जमीन दाखवली.

रुपया आत जाईल एवढं भोक. आणि त्याच्याभोवती खड्यांचा ढीग! हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढे खडे, सगळे जवळजवळ एकाच मापाचे, बिळाच्या तोंडाशी नीट रचलेले. कुणी निवडून मांडावेत तसे. मी गुडघ्यावर बसले. मला वाटलं, अक्कांच्या घरच्या पोरांनी खेळताना मांडले असतील.

"हे कुणी केलं?"

"कोन करी? त्यानाच घर शे, तोच करस."

जवळच दुसरं बीळ होतं, त्यालाही खडे. तिसऱ्यालाही. मी वेड्यासारखी त्या उतारावर फिरले. इथं बघ, तिथं बघ, प्रत्येक दारात खडे. पायाखालची वाट तशी रोजचीच, शेळ्यांची, माणसांची. आणि तिच्या दोन्ही बाजूंना ही सगळी वस्ती. अक्का मागून येत होत्या आणि माझा चेहरा बघून हसत होत्या. जाताना त्या आणखी एक वाक्य बोलल्या, ते मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर दोन महिने विसरून गेले. त्या म्हणाल्या, "बठ्ठा उंदीर एकच नही ऱ्हातस, माय. खडावाला येगळा, दगडमधला येगळा." बठ्ठा म्हणजे अहिराणीत सगळे.

धुळ्याचा जानेवारी फार गार असतो. सापळ्यात अडकलेला उंदीर पहाटे गारठून जाऊ नये म्हणून मी प्रत्येक सापळ्यात अक्कांच्या शेतातल्या कापसाचं बोंड ठेवत होते. खायला बाजरीच्या भाकरीचा चुरा आणि शेंगदाणा. दिवस बुडायच्या सुमारास सापळे लावायचे आणि उजाडताना बघायला जायचं. पहिल्या सकाळी सगळे रिकामे. दुसऱ्या सकाळी एकात मुंग्या आणि एकात सरडा. तिसऱ्या सकाळी मी चौथा सापळा उचलला आणि तो हाताला जड लागला.

मी सापळ्याचं तोंड प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत उघडलं. आधी कापूस आला आणि कापसातून उंदीर आला. पाठ मातकट तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, दोन रंगांमधली रेघ अगदी स्पष्ट. कान मोठे. मी पिशवीवरूनच त्याला मानेपाशी धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट शेपटीकडून डोक्याकडं, उलट्या दिशेनं, पाठीवरून फिरवलं.

टोचलं!

दाढीचे खुंट टोचतात तसं. काटे म्हणावेत असे राठ केस. घरचा उंदीर मी शेकडो वेळा हाताळला होता, तो मऊ असतो. हा तो नव्हताच. मी त्याचे चार केस चिमट्यानं घेतले, त्याचं माप घेतलं, वजन केलं, कानाच्या कडेचा अगदी बारीक तुकडा काढून स्पिरिटच्या कुपीत टाकला (ती कानावरची खाच म्हणजेच त्याची ओळख) आणि सापळा होता त्याच जागी त्याला सोडलं. तो सरळ पळाला नाही. एक वळण घेऊन, दोन दगडांमधून, खड्यांच्या ढिगाऱ्यावर चढला आणि आत गेला.

त्या सकाळी मी बसची वाट बघितली नाही. एका दुधाच्या गाडीला हात केला आणि कॅनच्या मधे उभी राहून कॉलेजला गेले. मॅडम यायच्या होत्या. मी ते केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. प्रत्येक केस चपटा होता आणि त्याच्या मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेघ होती. मॅडम आल्या, पर्ससकट खुर्चीत बसल्या, भिंगातून बघितलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "अगं, हा काटेरी उंदीर आहे."

मग त्यांनी मला समजावलं. घरचा उंदीर, शेतातला छोटा उंदीर आणि हा, सगळे एकाच कुळातले. त्या कुळाचं शास्त्रीय नाव मस. आपला मूषक आणि हा मस एकाच घरातले शब्द. त्या कुळात काटेरी केसांच्या उंदरांची एक वेगळी शाखा आहे आणि तिच्यातल्या तीन जाती आपल्या भागात असू शकतात. एक प्लॅटिथ्रिक्स, म्हणजे चपट्या केसांचा. दुसरा सॅक्सिकोला, म्हणजे खडकात राहणारा. तिसरा कुठल्याशा साहेबाच्या नावाचा. दिसायला तिघं सख्खे भाऊ.

"मग आपला कोणता?"

"ते तू मला सांगायचंस. एप्रिलपर्यंत."

पुढचे सहा आठवडे मी इतकी आनंदात होते की हॉस्टेलच्या मुलींना वाटलं माझं लग्न ठरलंय. रोज पहाटे उतार, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत उतार. कोणता उंदीर कुठल्या बिळात जातो याचा मी नकाशा केला. एका बिळात सहसा एकच जण राहतो. बिळाच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफलं आणि किड्यांचे पंख सापडतात. आणि खडे! ते खडे कशासाठी, याचं नक्की उत्तर कुणाकडंच नव्हतं. कुणी म्हणतं दार झाकायला, कुणी म्हणतं आतला गारवा टिकवायला. मी ठरवलं, निदान ते मांडतो कोण हे तरी बघू. एका बिळापुढचे पंधरा खडे उचलून त्यांना माझं गुलाबी नेलपॉलिश लावलं, वास जाईपर्यंत दोन दिवस खिडकीत वाळवले आणि बिळापासून हातभर अंतरावर उधळून टाकले.

दुसऱ्या सकाळी गेले तर गुलाबी खडे दारात. सगळे नाहीत, अकरा. पण दारात! बाकीच्या तपकिरी खड्यांमध्ये ते असे चमकत होते की मी एकटीच मोठ्यानं हसले. अक्का बांधावरून ओरडल्या, "काय झायं वं?" मी हात हलवून बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, एक गुलाबी खडा उचलला, अंगठ्यानं घासला आणि म्हणाल्या, "घर सजाडी टाकं तू त्यानं!" त्यांनी तो खडा परत जागच्या जागी ठेवला.

नावाचं मात्र काही जमेना. आमच्याकडं जाती ओळखायला एक किल्ली असते. प्रश्नांच्या जोड्या, हो असेल तर इकडं जा, नाही तर तिकडं. पहिले चार प्रश्न मी सहज पार करायची. मग माप यायचं. प्लॅटिथ्रिक्स मोठा, सॅक्सिकोला लहान. माझ्याकडं काही मोठे होते, काही लहान होते, आणि बरेच होते ते नेमके मधले. मोठ्यापासून लहानापर्यंत अशी रांग लागत होती की कात्री कुठं लावावी ते कळेना. त्यापुढचे सगळे प्रश्न कवटीचे होते. डोळ्याच्या खोबणीवरची कड, टाळूतल्या फटी, दाढा.

मॅडम म्हणाल्या, "एक नमुना ठेवावा लागेल. कवटीशिवाय नाव नाही."

परवानगीत दोन उंदीर मारून नमुना म्हणून ठेवायची मुभा होती. मी "हो" म्हणाले. मी काही फार धार्मिक नाही. हॉस्टेलवर कांदा खात होते, सूर्यास्तानंतर जेवत होते. मला वाटलं, हेही जमेल. दुसऱ्या दिवशी सापडलेला एक मोठा उंदीर मी कापडी पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणला. मॅडमनी बरणी, कापूस, औषध सगळं मांडलं. तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. "तू सुरू कर," असं म्हणून त्या गेल्या.

मी बरणीचं झाकण उघडलं. पिशवी हातात होती. आतल्या उंदराचं वजन किती ते मला ग्रॅममध्ये पाठ होतं; त्याच्या कानाची खाच पाठ होती, त्याचं बीळ कोणतं ते पाठ होतं. बाभळीखालचं, नवव्या दगडापासून डावीकडं. आज त्याच्या दारात खडे तसेच असणार आणि तो नसणार. मी झाकण लावलं. ओढणीखाली पिशवी धरून खाली आले, रिक्षा केली, नाक्यावरून बस पकडली आणि त्याला त्याच्या दारात सोडून आले. दोन तास मी गायब होते. परत आले तेव्हा मॅडम त्याच टेबलापाशी पेपर तपासत बसल्या होत्या. बरणी त्यांनी धुऊन ठेवली होती.

"सोडलास?"

"हो."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मीही पहिल्यांदा केलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. पण मी केलं, कारण नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. तू ज्याच्याविषयी चाळीस पानं लिहिणार, तो कोण आहे हेच तुला माहीत नसेल तर त्या पानांचा उपयोग काय?" त्यांनी बरणी कपाटात ठेवली. "मारायचं नसेल तर मारू नकोस. पण मग कवटी कुठून आणायची ते तूच शोध. मला सबब नको, नाव पाहिजे."

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी बांधावर बसून अक्कांना सांगितलं. त्या भाकरी खात होत्या, अर्धी मला दिली. माझं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागल्या.

"हाडकंच पाहिजेत ना तुले? मंग चाल."

नाल्याच्या पलीकडं, रस्त्याच्या कामासाठी कधीतरी बांधलेली आणि आता ओस पडलेली एक खोली होती. छपराचे दोन पत्रे उडालेले. अक्का दारातच थांबल्या, तोंडावर पदर धरला आणि वर बोट केलं. कोपऱ्यातल्या तुळईवर पांढऱ्या गोल चेहऱ्याचं घुबड, भर दुपारी डोळे मिटून बसलेलं. गव्हाणी घुबड! आणि त्याच्या खाली जमिनीवर, भिंतीला लागून, काळ्या-करड्या गुठळ्यांचा थर.

घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. त्यांची गुठळी करून ते ओकून टाकतं. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळवले होते. आणि दोन दिवस कवटी कवटी करत रडत होते! मी कपाळावर हात मारला. अक्कांना वाटलं डास बसला.

घुबड जागं होऊ नये म्हणून मी चोरपावलांनी आत गेले आणि गुठळ्या कागदाच्या पिशव्यांत भरल्या. बाहेर आले तेव्हा तोंडाला जाळी, ओढणीला विष्ठा, आणि माझे दात सगळे बाहेर.

गुठळ्या कोमट पाण्यात भिजवायच्या आणि सुईनं उकलायच्या. पहिल्या गुठळीत चिचुंद्री. दुसरीत घुशीचं पिल्लू आणि एका पाखराची चोच. तिसरीत करंगळीच्या पेराएवढी, कागदासारखी पातळ, अख्खी कवटी निघाली. दात जागच्या जागी. मी "मॅडम!" म्हणून किंचाळले आणि शेजारच्या वर्गातला तास थांबला. मॅडम धावत आल्या, पण त्यांनी माझ्या उत्साहावर लगेच पाणी ओतलं. "ही काटेरी उंदराचीच कशावरून? कवटीवर केस नाहीत."

खरंच की. एका गुठळीत दोन-तीन उंदरांचे केस आणि हाडं एकत्र. कुठली कवटी कुठल्या केसांची हे कसं सांगणार? मला हवी होती अशी गुठळी जिच्यात एकच उंदीर असेल, आणि तोही काटेरी. मग मी चार दिवस फक्त गुठळ्या उकलत होते. बोटांना वास बसला, मेसमध्ये मुली माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायला लागल्या. पाचव्या दिवशी एक छोटी गुठळी उकलली. एक कवटी, दोन जबडे, एका उंदराची हाडं, बस. आणि भोवती केस. एक केस काचेवर ठेवला, भिंगाखाली सरकवला. चपटा होता! मधे पन्हळ होती! मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यानंतर अशा आणखी काही गुठळ्या सापडल्या. मी कवट्या काळ्या कागदावर एका ओळीत मांडल्या.

आणि पुन्हा तेच. काही मोठ्या, काही लहान, बऱ्याच मधल्या.

त्याच रविवारी पप्पा धुळ्याला आले. मम्मीनं दिलेल्या खाकऱ्यांचा डबा हे निमित्त; खरं म्हणजे मी फोनवर महिनाभर जे बोलत होते ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. पहिल्या बसनं निघूनही उतारावर पोचायला त्यांना उशीरच झाला. एक उंदीर मी कापूस घालून, सावलीत ठेवून, त्यांच्यासाठी थांबवला होता. ते दुकानातल्याच पांढऱ्या शर्टात, बूट हातात घेऊन मुरमावरून अनवाणी चालत आले. मी उंदीर सोडला. तो पळाला, वळला, खड्यांवर चढला, आत गेला. पप्पा बिळापाशी उकिडवे बसले. खडे बघितले. गुलाबीही बघितले. मग म्हणाले, "याला त्याचं घर बरोबर ठाऊक आहे."

"हो."

"मग बेटा, आपण जे नाल्यापाशी सोडायचो, ते कुठं जात असतील?"

मला खोटं बोलता आलं नाही. "थोडे परत यायचे, पप्पा. बाकीचे बहुतेक मरत असतील. अनोळखी जागेत त्यांना लपायला जागा माहीत नसते."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, कशाला सांगितलं आपण? पण उठताना ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आधी भिंतीची भोकं बुजवायला हवी होती. आत येऊच द्यायचे नाहीत." पुढच्याच महिन्यात त्यांनी गोदामाच्या दाराला खालून पत्रा ठोकून घेतला आणि सगळी भोकं सिमेंटनं बंद केली.

उतारावरून आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मॅडम सुट्टी असूनही आल्या होत्या. पप्पांनी हाडांना हात लावला नाही, पण हात पाठीशी बांधून त्या काळ्या कागदावर वाकले. डावीकडून उजवीकडं बघितलं, परत उजवीकडून डावीकडं. बाजारात पोत्यातला नमुना बघताना ते असेच वाकतात.

"मॅडम, हा माल मिसळलेला आहे."

मॅडम हसल्या. "म्हणजे?"

"दोन जातींचा. बघा, लहान दाण्याची तूर असते, ती भरली तरी लहानच राहते. आणि मोठ्या दाण्याची तूर न भरता काढली, तर तीही लहान दिसते. चाळणीला दोन्ही सारख्या. पण न भरलेला दाणा हाताला कळतो. ही तिसरी आणि ही पाचवी, मापाला सारख्या आहेत; पण ही तिसरी कोवळी वाटते मला."

मॅडमनी आणि मी एकमेकींकडं बघितलं. मी झडप घालून तिसरी कवटी भिंगाखाली ठेवली. दाढा कोऱ्या, टोकं जशीच्या तशी, कवटीचे सांधे अजून उघडे. पिल्लू! मोठ्या जातीचं वाढीला लागलेलं पिल्लू. पाचवी घेतली. दाढा झिजून सपाट. म्हातारा! पूर्ण वाढलेला, लहानच जातीचा. मी सगळ्या कवट्या दाढांच्या झिजेप्रमाणं पुन्हा लावल्या. नुसते प्रौढ वेगळे काढले आणि जी रांग दोन महिने मला छळत होती ती मधोमध दुभंगली. इकडं मोठे, तिकडं लहान, मधे कुणीच नाही. डोळ्यावरच्या कडा बघितल्या, टाळूच्या फटी बघितल्या. त्यांनीही तीच वाटणी केली.

"दोन आहेत," मी म्हणाले. "मॅडम, दोन आहेत! दोन्ही आहेत!"

मग मला अक्कांचं वाक्य आठवलं. मी वही उघडली, पहिल्याच पानावर होतं. खडावाला येगळा, दगडमधला येगळा. मी नकाशा काढला. मुरमाच्या मोकळ्या उतारावर, खड्यांच्या दारांत जे प्रौढ सापडले होते ते सगळे मोठे. बांधाच्या दगडांत, खडकांच्या कपारीत सापडलेले सगळे लहान. दोन्ही वस्त्यांमध्ये अंतर तरी किती? एका शेळीच्या दोरीएवढं! मॅडम त्या वाक्याकडं बघत राहिल्या. "हे तू जानेवारीत लिहिलंयस," त्या म्हणाल्या, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा खरोखरचा ओरडा मिळाला. पप्पांनी तेवढ्यात खाकऱ्यांचा डबा उघडून दोघींपुढं धरला.

प्रबंधात मी प्लॅटिथ्रिक्स आणि सॅक्सिकोला अशी दोन्ही नावं लिहिली. मॅडमनी दोन्हीच्या आधी "बहुधा" घालायला लावलं. कानांचे ते बारीक तुकडे आम्ही दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत आनुवंशिक तपासणीसाठी पाठवले होते. त्याचं उत्तर आल्याशिवाय "बहुधा" काढायचं नाही, असं ठरलं. परीक्षा झाली, निकाल लागला, मी जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले, आणि उत्तराचा पत्ता नाही.

ते आलं एका शनिवारी दुपारी, मी एसटीत असताना. मॅडमना भेटून परत येत होते. पारोळ्याला बस थांबली होती, खिडकीतून केळीवाले हाका मारत होते. फोन वाजला, मेल उघडला. दोन ओळी वाचल्या आणि मी उभीच राहिले. वरच्या रॅकला डोकं आपटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवी सावरत विचारलं, "काय गं, नोकरी लागली का?"

"नाही मावशी, दोन्ही उंदीर बरोबर निघाले!"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला सगळं सांगणं भागच होतं. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी सांगत होते. खडे, काटे, घुबड, कवट्या. पुढच्या सीटवरचे दोघं वळून बसले. कंडक्टर तिकिटांचं मशीन काखेत धरून ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या शेतातबी आहे हो तो. खडे मी बघितलेत. कधी येता?"

मी त्याच्या गावाचा पत्ता तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतला. मग मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मेल त्यांनाही आला होता.

"बहुधा काढा, मॅडम," मी ओरडले.

"काढलं," त्या म्हणाल्या. "आता साहेबाच्या नावाचा तो तिसरा शोध."